कुरकुरती वाट

रस्त्याच्या टोकाच्या घरातल्या गृहस्थांना सगळी वस्ती ‘सल्लागार’ म्हणायची. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. घर कसं सजवावं, अंगण कसं आखावं, लाकूड कुठे वापरावं आणि कुठे मुळीच वापरू नये, यावर ते रविवारच्या पुरवणीत वर्षानुवर्षं लिहीत आले होते. लोक वाचायचे, मान डोलवायचे आणि आपल्या घरी मनाला येईल तेच करायचे. त्यांचा शब्द न् शब्द पाळला गेला तो फक्त एकाच घरात, त्यांच्या स्वतःच्या. कारण तिथे बायको राहत होती आणि तिला पळून जायला जागा नव्हती.

बायको शिवणकाम करायची. वस्तीतल्या निम्म्या पोरीबाळींचे कपडे तिच्या मशीनखालून गेले होते, त्यामुळे ती सगळ्यांची मावशी. आणि तिचा सुतारकाम करणारा धाकटा भाऊ आपोआप सगळ्यांचा मामा. मामाला हे आवडायचं. एकूणच स्वतःबद्दलचं सगळंच त्याला आवडायचं.

सल्लागारांचं अंगण म्हणजे त्यांच्या लेखांचा जाहीर पुरावाच. दारापासून फाटकापर्यंत वाट सरळ न जाता तीनदा वळायची. “अंगणाने सगळं एकदम दाखवू नये, प्रत्येक वळणावर काहीतरी अचानक समोर यावं,” हे त्यांचं लाडकं मत. म्हणून एका वळणावर मोठा गोटा, दुसऱ्यावर ओंडका कोरून केलेली फुलझाडांची कुंडी आणि तिसऱ्यावर वाटेत नाक खुपसून बसलेला बुटका बाक. येणारे-जाणारे थांबून बघायचे. मग सल्लागारांचे डोळे अधू होऊ लागले. आधी कडा गेल्या, मग मधलं गेलं, आणि आता उजेड आहे की अंधार एवढंच काय ते कळत होतं. पण अंगण मालकाच्या मताला चिकटून राहिलं. वळणावर अजूनही काहीतरी अचानक समोर यायचं, फक्त ते आता नडगीवर यायचं.

ओंडक्याच्या कुंडीवरून ते पडले आणि मनगट मोडलं, तेव्हा लेकीचा फोन आला. लेक दूरच्या शहरात राहायची. वाईट मुळीच नव्हती, पण आईवर गेली होती, म्हणजे एकदा ठरवलं की ठरवलं.

“मी पुढच्या रविवारी येतेय,” ती म्हणाली. “बाबांना स्वतःच्या अंगणातसुद्धा चालता येत नसेल, तर तुम्ही दोघं माझ्याकडे चला. खोली तयार आहे. घर बंद करून टाकू.”

मावशीने फोन ठेवला आणि मशीनपाशी जाऊन बसली. लेकीचं घर चांगलं होतं, जावईही चांगला होता. पण तिथे जायचं म्हणजे उरलेला जन्म पाहुणी म्हणून काढायचा. कोणाच्या फडताळात काय ठेवलंय हे विचारत जगायचं. तिने नवऱ्याला सांगितलं, तेव्हा ते आता भांडतील, ओरडतील, अशी तिची खात्री होती.

“जाऊ या की,” सल्लागार खुर्चीतून म्हणाले. “काय फरक पडतो? इथल्या भिंती दिसत नाहीत, तशा तिथल्याही दिसणार नाहीत.”

याच माणसाने एकदा खिडकीच्या चौकटीच्या रंगावरून रंगाऱ्याशी आठवडाभर अबोला धरला होता. तो माणूस आता काय फरक पडतो म्हणत होता. लेकीच्या बोलण्याने मावशीला वाईट वाटलं होतं, या बोलण्याने मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. रविवारी लेक येईल, तेव्हा फाटक उघडायला हे जातील. कोणाचाही हात न धरता जातील.

तिने भावाला बोलावणं धाडलं.

“ही नागमोडी वाट उखडून टाक,” ती म्हणाली. “दारातून फाटकापर्यंत सरळ लाकडी वाट हवी मला. गोटा नको, ओंडका नको, काही काही नको.”

मामाने डोळे मोठे केले. “भाऊजींना विचारलंस?”

“तुला काम जमत नसेल तर तसं सांग.”

एवढं पुरलं. मामाला काम जमत नाही असं म्हणणारा माणूस अजून जन्मायचा होता, निदान मामाच्या मते तरी. दुसऱ्याच दिवशी घणाचे घाव सुरू झाले. गोटा गेला, कुंडी गेली, बाक काढून भिंतीला टेकवला. सल्लागार आत बसून ऐकत होते. आपल्या आयुष्यभराच्या मतांवर घण पडतोय हे त्यांना कळलं नसेल असं नाही, पण त्यांनी हूं की चूं केलं नाही. त्या गप्प बसण्याने मावशीला घणापेक्षा जास्त धडकी भरत होती.

वाट मात्र देखणी झाली. जमिनीत दोन लांब दांडे बसवून मामाने त्यांवर आडव्या फळ्या ठोकल्या होत्या, एकीची जाडी दुसरीपेक्षा तसूभर कमी नाही की जास्त नाही. वर रंधा, रंध्यावर पॉलिश. त्याने वाटेवर उड्या मारून दाखवल्या. “ऐक! एक तरी आवाज येतोय का? भाऊजींनीच लिहिलं होतं, चांगलं लाकूड गप्प बसतं. आख्ख्या वस्तीत माझी एक फळी कुरकुरलेली दाखव!”

संध्याकाळी मावशीने नवऱ्याला पायरीपर्यंत आणलं आणि हात सोडला. “आता वाट सरळ आहे. नाकासमोर चालायचं, बस्स.”

ते निघाले. चार पावलं बरी गेली. मग पावलं आखूड झाली, अंग एका बाजूला कलायला लागलं, आणि मध्यावर कुठेतरी एक पाय फळीवरून घसरून मातीत गेला. ते जागच्या जागी थिजले. प्लास्टरमधला हात पोटाशी आवळून धरलेला, दुसरा हवेत.

“कुठे आहे मी?” त्यांनी विचारलं.

प्रश्न साधाच होता, पण त्या आवाजात जी भीती होती, ती मावशीने इतक्या वर्षांच्या संसारात कधी ऐकली नव्हती. तिने धावत जाऊन हात धरला.

“सगळं सारखंच लागतंय गं पायाला,” ते म्हणाले. “आता निघालो की पोचत आलो, काहीच कळत नाही. सोड हा नाद. लेकीला सांग, येतो म्हणून.”

आणि ते खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

मावशीला रडू आलं नाही, राग आला. आधी नवऱ्याचा, मग भावाचा आणि सरतेशेवटी स्वतःचा. तिच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात. कपडा ज्याला घालायचा, त्याच्या अंगावर माप घ्यायचं. आणि तिने काय केलं होतं? नवऱ्याची वाट स्वतःच्या डोळ्यांच्या मापाने बेतली होती. दिसायला छान, घालायला घट्ट.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने शिवणाच्या ढिगातून अस्तराचा काळा तुकडा ओढून काढला, डोळ्यांवर करकचून बांधला आणि पायरीवर उभी राहिली. शेजारीण कुंपणाशी कपडे वाळत घालत होती. ती काही गप्प बसणाऱ्यांतली नव्हती.

“हे काय मावशी, या वयात आंधळी कोशिंबीर?”

“हो. राज्य माझ्यावर आहे,” मावशी म्हणाली आणि चालायला लागली.

चार पावलांत तिचा धीर सुटला. रोज उठता-बसता पायाखालचं अंगण, पण ते कोणीतरी काढून नेलं होतं. फळीनंतर फळी, सगळ्या गुळगुळीत, सगळ्या मुक्या. पुढे काय आहे हे कळेना, आणि मागे किती राहिलं तेही कळेना. हे असं त्यांना रोज होतं, आणि आपण म्हणतो नाकासमोर चाला! तिला स्वतःची शरम वाटली. डोळ्यांवरचा तुकडा काढावा म्हणून तिने हात वर नेला, तेवढ्यात पायाखाली आवाज झाला.

कर्रर्र.

मावशी थबकली. कुठली फळी ही? सकाळी दूध घ्यायला गेले तेव्हा वाजली होती ती. फाटकाच्या अलीकडची! तिने हात पुढे केला, एक पाऊल टाकलं, आणि बोटं नेमकी फाटकाच्या कडीवर पडली.

ती मागे गेली आणि पुन्हा आली. पुन्हा कर्रर्र, पुन्हा कडी. तिसऱ्या खेपेला ती हसायला लागली, तशी शेजारीण कपडे टाकून घरात गेली. मावशीचं काहीतरी बिनसलंय, ही बातमी पसरवायला तिला वेळ हवा होता.

मामा त्या दिवशी उरलेलं सामान न्यायला आला. त्या फळीवर त्याचा पाय पडला मात्र, चोरी सापडल्यासारखा त्याचा चेहरा पडला. “खिळा दांड्याला चुकवून गेला वाटतं,” तो पुटपुटला आणि आजूबाजूला कोणी ऐकलं नाही ना हे बघत त्याने हातोडी काढली.

“हात लावशील तर बघ!” मावशी दारातून कडाडली. “तिला तशीच राहू दे. आणि बाकीच्यांतल्या काही तशाच करून दे.”

“तशाच म्हणजे?”

“कुरकुरणाऱ्या.”

मामा मटकन पायरीवर बसला. “ताई, तू माझी सख्खी बहीण ना? लोक काय म्हणतील? मामाच्या फळ्या कुरकुरतात! तेही स्वतःच्या बहिणीच्या दारात! माझ्या नावावर पाणी सोडू मी?”

“सोड.”

“आणि सैल फळी म्हणजे ठेच. कड वर येते. भाऊजींचा दुसरा हातही मोडायचाय का?”

हे मात्र खरं होतं. मावशी त्याच्या शेजारी बसली. आता तिच्या आवाजात धमकी नव्हती.

“कड वर न येता बोलायला हवी. पाय पडला की बोलली पाहिजे, पण जागची हलता कामा नये. रविवारी लेक येतेय रे. ते फाटकापर्यंत गेले नाहीत तर हे घर बंद होणार. मला नाही जायचं कुठे. तुला जमेल की नाही तेवढं सांग.”

मामाने नाक मुरडलं, हातोडी आपटली, उठला, दोन पावलं गेला आणि परत आला. “जमेल की नाही म्हणे,” तो म्हणाला आणि कामाला लागला.

पहिली फळी बोलली, पण कड वर आली. दुसरी हलेना, पण आवाजही काढेना. तिसरी एकदाच बोलली आणि कायमची गप्प झाली. आयुष्यभर लाकडाचं तोंड बंद करत आलेल्या माणसाला ते उघडता येईना, आणि मामाला घाम फुटला. मग तो इरेला पेटला. फळीच्या दोन्ही कडा त्याने पक्क्या आवळल्या आणि मधल्या भागाखालचं लाकूड पोखरून पोकळी केली, तेव्हा पाय पडताच ‘ढब्ब’ असा आवाज आला. दुसरीच्या खाली त्याने लाकडाची एक उभी चीप बसवली, फळी दबली की चिपेला घासायची आणि करकरायची, पण केसभरही वर उठायची नाही. “अस्सं!” तो ओरडला. बहिणीवर उपकार करतोय हे तो केव्हाच विसरला होता.

दिवसभर अंगणात कर्रर्र, ढब्ब, कर्रर्र चाललं होतं. संध्याकाळी आतून आवाज आला.

“ती उगाच बोलतेय.”

मावशीचा हात थांबला. “कुठली?”

“लिंबाच्या झाडाजवळची. लिंबाचा वास येतो तिथे, मला कळतंच ते. तिथे फळी कशाला खर्च करताय?” खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सल्लागार भिंत चाचपत दारात आले. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला, पण मान ताठ. “पायरी उतरल्यावर एक हवी. मी वाटेवर आहे हे कळायला. मग मध्यावर वेगळ्या आवाजाची. आणि फाटकाची ती ठीक आहे. दोन सारख्या आवाजाच्या जवळजवळ नकोत, गोंधळ होतो. आणि मुळात ही वाट सरळ कोणी केली?”

“मी,” मावशी म्हणाली.

“म्हणून भरकटतो मी! सरळ वाटेवर माणसाला धरायला काही नसतं. लिंबापाशी वळवा तिला. वास आला की वळायचं, मग फाटक समोर.”

“भाऊजी,” मामा कळवळून म्हणाला, “तुम्हीच लिहिलं होतं, चांगलं लाकूड गप्प बसतं.”

“तेव्हा मला दिसत होतं,” सल्लागार म्हणाले. “उखड ती.”

मामाने कपाळाला हात लावला. मावशीने मुद्दाम तोंड फिरवलं, कारण तिचे डोळे भरून आले होते आणि मामाने ते पाहिलं असतं तर जन्मभर चिडवलं असतं. तिची हौसेची सरळ वाट अर्धी उखडली जाणार होती. उखडू दे. नवरा तिच्यावर ओरडत होता! किती दिवसांनी!

पुढचे दिवस तिघं अंगणातच होते. सल्लागार अनवाणी फळीवर उभे राहायचे, वजन टाकायचे, ऐकायचे. “ही चालेल.” “हिचा आवाज रडका आहे, बदल.” पसंत पडलेल्या फळीवर मावशी शिवणाच्या खडूने फुली मारायची. मामा दर फुलीला कुरकुरायचा, फळ्यांपेक्षा जास्तच. फक्त एका बाबतीत त्याने ऐकलं नाही. जुना बाक त्याने वळणावर झाडाच्या बाजूला, वाटेबाहेर बसवला आणि असा आवळला की हत्ती बसला तरी आवाज येऊ नये. “एक तरी वस्तू माझ्या मनासारखी राहू दे,” तो म्हणाला. मावशीने राहू दिली.

लेक एक दिवस आधी, शनिवारीच आली.

मावशीचे हात पिठात होते. फाटकाशी गाडी थांबली, कडी वाजली, आणि ती काही बोलायच्या आत सल्लागार खुर्चीतून उठले. कडीपर्यंतचा सराव अजून झालाच नव्हता. हात धरावा का? ती दारापर्यंत धावली आणि पिठाच्या हातांनी चौकट घट्ट धरून तिथेच थांबली. चौकट धरली नसती तर तिने त्यांना धरलं असतं.

फाटकापलीकडून लेकीने वडिलांना एकटं येताना पाहिलं आणि तिचं तोंड उघडलं. मावशीने बोट ओठांवर ठेवलं. तिचे ओठ पिठाने पांढरे झाले, पण लेक गप्प राहिली.

कर्रर्र. पायरीची. सल्लागार पुढे निघाले. आता मध्यावरची ढब्ब यायला हवी होती. ती आली नाही. पाऊल लांब पडून फळी ओलांडली गेली होती. ते थांबले. हात हवेत गेला. पण त्यांनी कुठे आहे मी असं विचारलं नाही. एक पाय मागे घेतला, अंगठ्याने चाचपलं, टाच दाबली. ढब्ब. त्यांनी मान हलवली, एखाद्या सावकाश शिकणाऱ्या मुलाला शाबासकी द्यावी तशी, आणि पुढे गेले. लिंबापाशी नाक वर केलं, वळले. मग शेवटची कर्रर्र, मामाच्या चुकलेल्या खिळ्याची. हात पुढे, कडी हातात.

“ये,” ते फाटक उघडत म्हणाले. “सामान जड असेल तर इथेच ठेव, मामा आणेल.”

“जड नाही बाबा,” लेकीचा आवाज फुटत होता. “बॅग रिकामीच आहे. तुमचे कपडे भरायला आणली होती.”

“मग आत आण. रिकामी बॅग काय रस्त्यावर ठेवायची!”

चहा झाला, तरी लेकीचं मन पुरतं वळलं नव्हतं. तिने आईला मशीनपाशी गाठलं. “आज चालले, मान्य. पण तुला दिवसभर त्यांच्यावर डोळे लावून बसावं लागणार, आई. किती दिवस बसशील?”

मावशीची खिडकीकडे पाठ होती. तिने सुईत दोरा ओवला, वर न बघता.

“आत्ता पायरी उतरले,” ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, “अर्ध्यावर आले.”

मग काहीच आवाज आला नाही. लेक ऐकत राहिली. शांतता लांबली, तशी ती घाबरून उठली. “आई, आवाज थांबला!”

“बाकावर बसलेत. तुझ्या मामाने तो मुका ठेवलाय.”

लेक खिडकीशी गेली. वडील बाकावर बसले होते, उन्हाकडे तोंड करून, आणि कुंपणापलीकडच्या शेजारणीला तिच्या कपड्यांच्या दोरीची जागा चुकली आहे हे समजावून सांगत होते. मग लेक येऊन आईच्या पाठीवर डोकं टेकून बसली. त्यानंतर तिने आपल्या घरच्या खोलीचं नाव काढलं नाही.

परत जाताना तिने बॅग उचलली आणि वाटेने निघाली. पायरीची फळी करकरली. मधली वाजली, तीही नेहमीपेक्षा खोल.

बाकावरून सल्लागारांनी मान वळवली.

“रिकामी आणली होतीस ना?” ते म्हणाले. “आईने लिंबं भरलेली दिसतायत. हात बदलून घे.”